पेन प्लॉटरवर काढायचं काय? समकालीन कामातून प्रेरणा घेताना नेमकं काय उचलायचं?

तिरपी रेघ
नमस्कार मंडळी.
पेन प्लॉटर म्हणजे संगणकाच्या आज्ञेबरहुकूम खरं पेन कागदावर फिरवणारं यंत्र. आपल्याकडे आता ते बऱ्याच जणांनी घरी जुळवलंय. पी५ किंवा प्रोसेसिंग या चित्रं काढायच्या कोडिंग साधनांत कोड लिहायचा, एसव्हीजी म्हणजे रेषांची फाइल काढायची, यंत्राला द्यायची. इथवर सगळं शिकता येतं. पुढे गाडं अडतं ते एकाच जागी, काढायचं काय? जिकडे पाहावं तिकडे तेच पर्लिन नॉइजचे (हळूहळू बदलणाऱ्या मनमानी आकड्यांचे) वाहते केस, तीच एकात एक वर्तुळं.

माझं मत सांगते. प्रेरणा आजच्या आणि कालपरवाच्या चित्रकार-डिझायनरांकडून जरूर घ्यावी, पण चित्राचं रूप उचलू नये, त्यामागचा नियम उचलावा. रूप उचललं की नक्कल होते, नियम उचलला की त्यातला एक आकडा बदलताच चित्र आपलं होऊ लागतं.

तर तीन गोष्टींवर लिहा: कोणाचं काम पाहावं, त्यातून नियम कसा काढावा, आणि कागदावर उतरवताना काय बिघडतं. नुसते दुवे नकोत, तपशील हवेत.

चौकटराणी
सुरुवात व्हेरा मोलनारपासूनच करावी. जन्म १९२४, बुडापेस्ट. २०२३ साली पॅरिसमध्ये वारल्या. १९६८ पासून संगणकावर काम करत होत्या, आणि त्याच्याही आधी हाताने, स्वतःच ठरवलेले नियम यंत्रासारखे पाळत चित्रं काढत होत्या. त्यांची 'इंटरप्शन्स' ही १९६८-६९ची मालिका नवशिक्यासाठी उत्तम. नियम तीन वाक्यांत मावतो: चौकटीत आखूड रेषा मांडा, प्रत्येक रेष मनमानी कोनात फिरवा, मग मधूनमधून रेषांचे पुंजके गाळा.

ए४ कागदासाठी आकडे: ५ मिमीची घरं, रेषेची लांबी ७ मिमी. लांबी घरापेक्षा जास्त हवी, तरच शेजारच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि जाळं तयार होतं. ५ मिमी लांबी ठेवली तर नुसत्या विखुरलेल्या काड्या दिसतात. गाळण्यासाठी प्रत्येक घराचा स्तंभ आणि ओळ ०.१ ने गुणून नॉइजला द्या, उत्तर ०.३५ च्या खाली आलं की रेष काढू नका. आठ-दहा घरांएवढ्या मोकळ्या जागा पडतात. प्रत्येक घरासाठी वेगळं नाणं उडवलंत तर नुसती विरळ चाळण होते, पुंजके होत नाहीत. चित्राचा जीव त्या पुंजक्यांत आहे.

दुसरं काम गेऑर्ग नेस यांचं 'शॉटर', १९६८च्या सुमाराचं. १२ स्तंभ, २२ ओळी, सगळे चौरस. वरची ओळ सरळ, खाली येता येता प्रत्येक चौरस जास्त फिरतो, जास्त सरकतो. नियम: गोंधळाचं प्रमाण = ओळीचा क्रमांक भागिले २२. आता हाच नियम उलटा करा, किंवा गोंधळ कोपऱ्यातून पसरवा, किंवा चौरसाऐवजी पेनाचा रंग बदला. तिथून तुमचं चित्र सुरू.

एक सूचना. सीड म्हणजे तेच मनमानी आकडे पुन्हा मिळवून देणारा आकडा. रँडमसीड आणि नॉइजसीड दोन्ही वेगवेगळे द्यावे लागतात, आणि सीडचा आकडा फाइलच्या नावातच लिहा. चित्र एकदाच काढायला सांगणारं नोलूप लिहायला विसरलात तर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतं आणि आवडलेलं पुन्हा सापडत नाही.

शिरगोळा
चौकटराणींचा प्रतिसाद उत्तम, पण थोडी असहमती. नियमावर चालणारी चित्रं शोधायला पॅरिसच कशाला? दिवाळीतलं ज्ञानकमळ घ्या. मध्यापासून आठ दिशा, प्रत्येक दिशेला पाच ठिपके. पहिल्या दिशेचा १ला ठिपका, पुढच्या दिशेचा ३रा, मग ५वा, २रा, ४था, पुन्हा १ला, असं गोल फिरत जायचं. शेवटी रेष जिथून निघाली तिथेच येऊन मिटते. हा अल्गोरिदमच आहे, फक्त तो कागदावर न राहता हातातून हातात आला.

कोडसाठी: क्रमाच्या पावलाला आठने भागून उरलेली बाकी म्हणजे दिशा, पाचने भागून उरलेली बाकी म्हणजे [१, ३, ५, २, ४] या यादीतली जागा. कोन = दिशा × ४५ अंश, त्रिज्या = ठिपका × १५ मिमी. सगळ्यात बाहेरचा ठिपका ७५ मिमीवर येतो, ए४च्या २१० मिमी रुंदीत आरामात बसतो.

बिघडतं ते वळणांत. सरळ रेषांनी जोडलं तर चांदणी होते, कमळ होत नाही. पी५चं वळणदार रेषेचं फंक्शन कर्व्हव्हर्टेक्स वापरा, पण यादीच्या सुरुवातीला शेवटचा बिंदू आणि शेवटी पहिले दोन बिंदू पुन्हा घाला, नाहीतर मिटण्याच्या जागी कोपरा राहतो. पी५च्या २.० आवृत्तीत या फंक्शनच्या जागी स्प्लाइनव्हर्टेक्स आलंय, जुना कोड तसाच चिकटवू नका.

अर्धविराम
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). दोन्ही प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखे.

गणिताचा तास
शिरगोळा यांनी दिलेला नियम का मिटतो ते सांगतो, कारण ते कळलं की स्वतःची कमळं रचता येतात. आठ आणि पाच यांचा लसावि ४०, आणि ठिपकेही ४०. म्हणून एकच रेष सगळ्या ठिपक्यांना प्रत्येकी एकदा भेटून परत येते. ६ दिशा आणि ५ ठिपके घ्या, लसावि ३०, ठिपके ३०, जमलं. ६ दिशा आणि ४ ठिपके घ्या, लसावि १२ पण ठिपके २४. रेष अर्ध्यावरच मिटते आणि दुसरा फेरा वेगळा काढावा लागतो. हे चुकीचं नाही, उलट दोन फेऱ्यांना दोन रंगांची पेनं वापरता येतात.

तमिळ कोलममध्ये रेष ठिपक्यांना न जोडता त्यांच्या भोवतीनं फिरते. तिथला साधा आयताकृती प्रकार, म्हणजे रेष फक्त चौकटीच्या कडांवरून परावर्तित होते तो, मसाविवर चालतो. ५ × ७ ठिपके असतील तर मसावि १, एकच अखंड रेष. ६ × ४ ला दोन, ५ × ५ ला पाच. चेन्नईत मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी यांनी सहकाऱ्यांसोबत १९७४मध्येच कोलमची आकृती-व्याकरणं मांडली होती. म्हणजे रांगोळी आणि संगणकशास्त्र यांची ओळख जुनी आहे.

स्टेपरवाला
अखंड रेष यंत्रालाही आवडते. पेन एकदाच खाली, एकदाच वर. आजीच्या हाताला बॅकलॅश (दिशा बदलताना पडणारी ढिलाई) नव्हता, आपल्या पट्ट्याला असतो, म्हणून थोडं यंत्राबद्दल.

नेमा १७ मोटर (२०० पावलं), १/१६ मायक्रोस्टेपिंग, जीटी२ पट्टा, २० दात्यांची पुली. पुलीच्या एका फेऱ्यात पट्टा ४० मिमी सरकतो. ३२०० भागिले ४० = ८० पावलं दर मिमी. जीआरबीएल या यंत्र चालवणाऱ्या प्रणालीत डॉलर १०० आणि डॉलर १०१ या सेटिंगांत ८० घाला. १०० मिमीचा चौरस काढून पट्टीने मोजा. एकाच दिशेला कमी भरला तर पट्टा सैल आहे किंवा पुलीचा ग्रब स्क्रू फिरतोय. आकडा बदलून ते झाकू नका.

ए४९८८ या मोटर-ड्रायव्हरवर करंट मोजणारा सेन्स रोध ०.१ ओहमचा असेल तर १ अँपिअरसाठी व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) ०.८ व्होल्ट. काही बोर्डांवर ०.०५ ओहमचे असतात, तिथे ०.४ व्होल्ट. आधी बोर्डावरचा छापा वाचा.

पेन उचलणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो, तो आर्डुइनो या नियंत्रक बोर्डाच्या ५ व्होल्टवर जोडू नका. तो उचलताना करंट खेचतो, बोर्ड रीसेट होतो आणि अर्धं चित्र वाया जातं. वेगळा ५ व्होल्ट पुरवठा द्या, ग्राउंड मात्र सामायिक ठेवा. शिवाय मूळ जीआरबीएलचा स्पिंडल सिग्नल सर्व्होसाठी फार वेगाचा असतो, सर्व्होला ५० हर्ट्झच्या आसपास लागतो. त्यासाठी बदललेली आवृत्ती टाकावी लागते.

मुंबईकर मैना
मूळ प्रश्नावर येते. नियम कसा काढावा हे शिकायला अमेरिकन कलावंत सॉल लेविटसारखा गुरू नाही, कारण त्याची चित्रं म्हणजे लिहिलेल्या सूचनाच. पहिलं भित्तिचित्र १९६८चं. सूचना त्याच्या, काढणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्यांचे. १९७१चं ११८ क्रमांकाचं भित्तिचित्र पाहा. भिंतीवर ५० बिंदू मनमानी पण सगळीकडे सारखे पसरून मांडायचे आणि प्रत्येक बिंदू बाकी प्रत्येकाला सरळ रेषेने जोडायचा. बस्स.

प्रोसेसिंगच्या दोन जनकांपैकी एक, केसी रीस, यानेही २००४मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयासाठी लेविटच्या सूचनांचा धागा पकडून 'सॉफ्टवेअर स्ट्रक्चर्स' केलं. म्हणजे प्रेरणा घेणारा कुठून काय उचलतो हे इथे उघड दिसतं: सूचना उचलली, भिंत सोडली.

ए३ वर करून पाहायचं असेल तर हिशेब असा. ५० बिंदू म्हणजे १२२५ रेषा. सरासरी लांबी १८० मिमीच्या आसपास धरा, एकूण सुमारे २२० मीटर शाई. ५० मिमी प्रतिसेकंद वेगाने नुसतं ओढायलाच सव्वा तास. प्रत्येक बिंदूपाशी ४९ रेषा एकत्र येतात, तिथे जेल पेन कागद भिजवून फाडतं. पिगमेंट शाईचं ०.२५ मिमीचं फाइनलाइनर आणि किमान २०० ग्रॅमचा गुळगुळीत कागद घ्या. खरखरीत जलरंगाचा कागद टोक खातो.

'मनमानी पण सारखे पसरून' ही अट सोडू नका. नुसते रँडम बिंदू घेतले तर गठ्ठे होतात. नवा बिंदू आधीच्या कुठल्याही बिंदूपासून ३५ मिमीच्या आत पडला तर टाकून द्या आणि दुसरा घ्या.

गणिताचा तास
मैनाताई, एक बिंदू वाढवा. ५० बिंदू असले की प्रत्येक बिंदूवर ४९ रेषा, विषम संख्या. सगळं चित्र पूर्ण करायला पेन किमान २५ वेगवेगळ्या ओढींत चालवावं लागतं. ५१ बिंदू घेतले की प्रत्येक बिंदूवर ५० रेषा, सम. मग ऑयलरच्या नियमाने १२७५ रेषांचं पूर्ण चित्र पेन एकदाही न उचलता काढता येतं! वाट शोधायला हिअरहोल्झरची पद्धत वापरा, कोड जेमतेम वीस ओळींचा.

मुंबईकर मैना
वा! आणि हे आता लेविटचं राहिलं नाही. तिरपी रेघ म्हणतात तसंच, एक आकडा बदलला आणि प्रश्नच बदलला.

डॉटकॉम काकू
मला कळत नाही, आता वाक्य लिहिलं की यंत्र चित्र बनवून देतं, मग एवढा खटाटोप कशाला?

चौकटराणी
काकू, प्रश्न रास्त आहे. ते यंत्र पिक्सेल देतं, प्लॉटरला रेषांचा मार्ग लागतो. पिक्सेलचं चित्र ट्रेस केलं की एका रेषेच्या दोन कडा मिळतात, पेन दोनदा फिरतं आणि पोकळ रेष उमटते. आणि मुख्य म्हणजे त्यात तुमच्या हाती नियम येत नाही. 'थोडं विरळ कर' एवढंच म्हणता येतं, '०.३५ चं ०.४ कर' म्हणता येत नाही. इथे मजा त्या आकड्यात आहे.

कीहीमची गाज
अजून नस्रीन मोहमदींचं नाव कसं आलं नाही? जन्म १९३७, कराची. बडोद्याला शिकवत होत्या, १९९०मध्ये आपल्या कीहीमला वारल्या. शाई, पेन्सिल आणि वास्तुविशारदाची आखणीची साधनं, एवढ्यावर केलेली रेषांची चित्रं. बहुतेकांना नाव नाही, तारीख नाही. २०१६मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर उघडलं तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्यांचं मोठं प्रदर्शन होतं.

त्यांच्याकडून घ्यायचा नियम: समांतर रेषांमधलं अंतर हळूहळू बदलत नेणं. हे बोलायला सोपं, पण अंतर समप्रमाणात वाढवलं (१, २, ३, ४ मिमी) तर शाळेतला आलेख दिसतो. गुणोत्तराने वाढवा: ०.६ मिमीपासून सुरू करून प्रत्येक अंतर आधीच्याच्या १.०६ पट. सुमारे ४० रेषांनंतर अंतर ६ मिमीवर पोचतं आणि डोळ्याला खोली जाणवते. मग दुसरा संच तिरपा टाका. दोन्ही संचांत रेषांमधलं अंतर १ मिमी आणि संचांमधला कोन ३ अंश असेल तर मोआरेचे (रेषांवर रेषा आल्याने भासणारे) पट्टे सुमारे १९ मिमी रुंद येतात, ६ अंशाला साडेनऊ. आधी कोन ठरवा, मग कागद खराब करा.

बिघडतं काय? एक रेष डावीकडून, पुढची उजवीकडून ओढली गेली की बॅकलॅशमुळे जोड्या जोड्या दिसतात. व्हीपाइप या प्लॉटरच्या फाइली आवरणाऱ्या प्रणालीचं लाइनसॉर्ट वेळ वाचवायला रेषा बेधडक उलटवतं. त्याला नो-फ्लिप पर्याय द्या. वेळ वाढेल, पण अशा चित्रात अंतर हेच सर्वस्व आहे. तिथे तडजोड केली तर चित्र मेलं.

स्टेपरवाला
+१. आणि पेन उभं धरलंय का तेही बघा. तिरपं असेल तर वेगवेगळ्या दिशांच्या रेषा वेगवेगळ्या जाडीच्या येतात. चौकटराणींच्या गोंधळाबद्दलही एक: गोंधळ पेनाच्या जाडीपेक्षा मोठा हवा. १० मिमीच्या घरात १ टक्का म्हणजे ०.१ मिमी, ०.३ मिमीच्या पेनाखाली तो दिसतच नाही. ५ टक्क्यांपासून पुढे बघा.

बोरू
अक्षरांकडेही बघा. 'एक टाइप' या अक्षररचना करणाऱ्या संस्थेचा 'मोदक' हा फॉन्ट इतका जाड आहे की आतल्या पोकळ्या नुसत्या रेघा होऊन उरतात. त्या पोकळ्याच प्लॉटरवर काढा, अक्षर आपोआप वाचलं जातं. समकालीन अक्षररचनेतून प्रेरणा म्हणजे हे.

पण देवनागरी आणि पी५ यांचं सरळ जमत नाही. अक्षरांचे बिंदू काढून देणाऱ्या टेक्स्टटूपॉइंट्समध्ये अक्षरजुळणी नीट होत नाही, पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं हलन्त दाखवत सुटी पडतात. उपाय: मजकूर इंकस्केप या रेषाचित्रांच्या प्रणालीत लिहा, तिथे जुळणी बरोबर होते, मग पाथमध्ये बदला आणि तो एसव्हीजी कोडमध्ये आणा.

एकेरी रेषेचं अक्षर हवं असेल तर मध्यरेषा ट्रेसिंग करा. त्यात शिरोरेषा आणि काना मिळतात तिथे इंग्रजी वाय सारखा फाटा फुटतो. म्हणून आधी शिरोरेषा कापून बाजूला ठेवा, खालचं अक्षर ट्रेस करा, शिरोरेषा शेवटी एका सरळ ओढीत वेगळी काढा.

सह्यवारा
प्रेरणा म्हणताय तर वारली घ्या की! त्रिकोण, वर्तुळ, रेष, कोडला एकदम सोपं.

कीहीमची गाज
सह्यवारा, इथे मात्र थांबा. वारलीला भौगोलिक निर्देशांक आहे आणि त्यामागे एक जिवंत समाज आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस केला की झालं, असं समजून उशांच्या अभ्र्यांपासून पाण्याच्या टाक्यांपर्यंत ते छापलं गेलंय. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी २००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत प्रदर्शन केलं होतं. बरोबरीचा समकालीन चित्रकार म्हणून. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रात किती बारीक रेघा आहेत ते नीट पाहा. त्यांच्याकडून घ्यायचं तर जाळं कसं भरत नेलं ते घ्या, माणसांचे त्रिकोण सोडा, आणि खाली कोणाकडून शिकलात ते लिहा.

सह्यवारा
मान्य. जाळ्याचं डोक्यात नव्हतं आलं. बघतो.

अर्धविराम
अवांतर: हे सगळं प्रत्यक्ष बघायला कुठे जावं? पडद्यावर ०.२ मिमीची रेष कळत नाही.

मुंबईकर मैना
मुंबईत फोर्टातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली जहांगीर निकल्सन दालनं. डिसेंबरात पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव, २०१६ पासून सुरू आहे. कोचीचं बिएनाले जमलं तर नक्की. प्रदर्शनात फोटो काढत सुटू नका. एका चित्रासमोर उभं राहून वहीत तीन ओळी लिहा: काय मोजता येतं, काय पुन्हा पुन्हा येतं, आणि नियम कुठे मोडलाय. तिसरी ओळ सगळ्यात कामाची. नस्रीन मोहमदींच्या चित्रात एखादी रेष जिथे थांबते तिथेच सगळं चित्र वळतं.

तिरपी रेघ
सगळ्यांचे मनापासून आभार. मैना, 'नियम कुठे मोडलाय' हे माझ्या मूळ मांडणीत नव्हतं आणि ते हवंच. म्हणजे कोडमध्येही मोडण्याची जागा वेगळी ठेवायला हवी: आधी नियम निर्दोष चालवायचा, मग एकाच ठिकाणी हाताने मोडायचा.

आता पहिलं काय करावं हा प्रश्न उरला नाही. ५१ बिंदूंची अखंड रेष, ए३. दोन शंका. पी५चा कॅनव्हास पिक्सेलचा, एसव्हीजी नीट कशी काढावी? आणि पेन खाली आल्यावर रेषेचे पहिले दोन-तीन मिमी उमटत नाहीत, ते का?

चौकटराणी
गोलन लेव्हिन यांची पी५.प्लॉटएसव्हीजी ही लायब्ररी खास प्लॉटरसाठीच आहे. आकार मात्र तपासून घ्या: ९६ डीपीआयने (इंचाला ९६ पिक्सेल) १ मिमी म्हणजे ३.७८ पिक्सेल. इंकस्केपमध्ये उघडून पानाची रुंदी ४२० मिमी दिसते का ते बघा, मगच यंत्राला द्या.

स्टेपरवाला
पेन टेकायच्या आधीच यंत्र चालू लागतं म्हणून. साधा एसजी९० सर्व्हो ६० अंश फिरायला सुमारे ०.१ सेकंद घेतो, वर पेन कागदावर आपटून स्थिरावायला थोडा वेळ. पेन खाली आणण्याच्या आज्ञेनंतर जी४ पी०.२ ही थांबण्याची आज्ञा टाका, ०.२ सेकंद थांबेल. त्याहून जास्त ठेवलंत तर शाईचा ठिपका पडतो, ०.१५ पर्यंत खाली आणून बघा. थांबूनही रेष उमटली नाही तर पेनच सुकलंय, शेजारच्या रद्दी कागदावर आधी एक रेघ ओढून घ्या.

तुमच्या अखंड रेषेत पेन एकदाच टेकणार, म्हणून हा त्रास एकदाच. पण १२७५ रेषांत फाइनलाइनरचं टोक झिजतं आणि शेवटच्या रेषा जाड येतात. मध्येच पेन बदलायचं असेल तर जीआरबीएलमध्ये डॉलर १ = २५५ करून ठेवा, म्हणजे थांबल्यावरही मोटरी पकड सोडत नाहीत. नाहीतर पेन काढताना हात लागून गाडा अर्धा मिमी सरकतो आणि पुढच्या सगळ्या रेषा बिंदू चुकतात. पेन घालताना खाली एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून उंची आधीच्याएवढीच बसवा.